माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी

दसरा-दिवाळीच्या आधी माळा साफ करायला घेतला की बहुतेक घरांत एका धुडापाशी येऊन काम अडते. जुना कॉम्प्युटर! प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो पिवळट पडलेला डबा, शेजारी वायरींचे गाठोडे, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक रचलेल्या सीड्या. ‘ह्याचं काय करायचं हो?’ असे आपण विचारायचे, ‘असू दे, बघू पुढे’ असे यजमानांनी म्हणायचे आणि ‘आई, भंगारात दे ना ते!’ असे मुलांनी ओरडायचे, हा घरोघरचा परिपाठ. मग सगळे पुन्हा जिथल्या तिथे!

पण आता ‘बघू पुढे’ म्हणून भागण्यासारखे राहिलेले नाही. ठाण्यात नौपाड्याकडे, डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या जुन्या वस्तीत तीन-चार मजली इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करायचे, दोन-तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढायची, तर सामान कमी केल्यावाचून गत्यंतर नसते. टेम्पो दारात उभा असतो, हमाल घाई करत असतात, आणि अशा वेळी पहिला बळी जातो तो ह्या कॉम्प्युटरचा. त्याच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलेलेच नसते.

काय असते त्याच्या पोटात? थोडे आठवून पाहा.

तो घरात आला तेव्हा

१९९५ ते २००५ ह्या दहा-बारा वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर आला. बहुतेकांकडे तो हप्त्यावर आला, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून आला, आणि टीव्हीसारखेच त्यालाही आपण झालरीचे कव्हर शिवले. पुढे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम निघाला आणि मुलांच्या बरोबरीने आयाही माऊस धरायला शिकल्या. कितीतरी जणींनी घरबसल्या मराठी टायपिंग आणि डीटीपीची कामे घेतली. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने, मंडळांचे अहवाल... दुपारची भांडी आवरली की ‘श्रीलिपी’ उघडून बसायचे.

त्याच सुमारास सीडी रायटर आला. लग्नामुंजीचे चित्रण तोपर्यंत व्हीएचएस कॅसेटवर असे. ती कॅसेट तीन तासांची आणि व्हिडिओ सीडीत मावणार जेमतेम सव्वा तास, म्हणून एका लग्नाच्या तीन सीड्या होत. भाग एक सीमांतपूजन, भाग दोन मंगलाष्टके, भाग तीन जेवणावळ आणि पाठवणी! फोटोही रोलचे जाऊन डिजिटल कॅमेऱ्याचे झाले आणि थेट कॉम्प्युटरमध्ये जाऊन पडू लागले. अल्बममध्ये लावायचे राहूनच गेले. म्हणजे साधारण २००० ते २०१२ पर्यंतची बारशी, वाढदिवस, सहली, आजीआजोबांची सहस्रचंद्रदर्शने, हे सगळे आज मोबाईलमध्येही नाही आणि कागदावरही नाही. ते फक्त त्या डब्यात आणि त्या सीड्यांत आहे.

घाई कशासाठी?

‘सीडीला काय होतंय? ती काय कॅसेटसारखी गुंतते थोडीच!’ असा आपला समज. दुकानात विकत मिळणारी गाण्यांची सीडी आणि आपण घरी ‘राईट’ केलेली सीडी दिसायला सारख्या, पण आतून अगदी वेगळ्या. विकतच्या सीडीवर खळगे छापलेले असतात. घरच्या सीडीत एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि रायटरचा किरण त्या रंगावर खुणा उमटवतो. रंग म्हटला की तो विटणारच. उन्हाने विटतो, उष्णतेने विटतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर माहिती वाचण्यासाठी असलेला चकचकीत पत्राही खराब होऊ लागतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. सीडीची खालची चकचकीत बाजू आपण जपतो, पण नाजूक असते ती वरची, नाव लिहायची बाजू! माहितीचा थर तिच्या अगदी लगत असतो आणि त्यावर केवळ लाखेसारखा पातळ लेप. तिथे बॉलपेनने जोर देऊन लिहिले किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला, की त्याबरोबर माहितीही निघून येते. डीव्हीडीचे बरे असते, तिच्यात हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो.

दुसरे असे की, ह्या चकत्या वाचणारी यंत्रेच नाहीशी होत चालली आहेत. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. आपल्या घरोघरी ज्या कंपनीच्या कोऱ्या सीड्या आणि स्वस्तातले मराठी चित्रपट आले, ती मोझर बेअर १९८३ मध्ये सुरू झाली, एके काळी जगातल्या मोठ्या उत्पादकांत तिची गणना होई. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. व्हीएचएसचे यंत्र बनवणारी जपानमधली शेवटची ज्ञात कंपनी २०१६ मध्येच त्यातून बाहेर पडली. तेव्हा आज जे काम दुपारभरात होईल, त्यासाठी आणखी पाच वर्षांनी दुकाने शोधत फिरावे लागेल.

आणि पाण्याचे भय तर आपल्याला नवे नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी कल्याण, बदलापूरच्या घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या संसारांबरोबर अल्बम आणि कॅसेटीही गेल्या. भांडी पुन्हा घेता आली, पण फोटो कुठून आणणार?

डबा सुरू करताना

वर्षानुवर्षे बंद असलेला कॉम्प्युटर उतरवला आणि लगेच प्लग खुपसला, असे करू नका. खालील गोष्टी आधी पाहा.

१. पावसाळ्यात उतरवला असेल तर दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत नुसता ठेवा. मग मऊ ब्रशने पंख्याची आणि जाळीची धूळ काढा. ओले फडके नको.

२. पाठीमागे, जिथे वीज येते तिथे, पुष्कळ जुन्या डब्यांना एक छोटे लाल बटण असते. त्यावर २३० हा आकडा दिसला पाहिजे. साफसफाईत ते सरकून ११५ झाले असेल आणि तुम्ही वीज लावलीत, तर फट्‌कन आवाज होऊन आतला वीजपुरवठ्याचा भाग जळेल.

३. जांभळ्या भोकात कीबोर्ड, हिरव्यात माऊस. दोन्ही आधी लावा, मग कॉम्प्युटर सुरू करा.

४. सुरू झाल्यावर तारीख भलतीच दिसली किंवा काळ्या पडद्यावर ‘एफ १ दाबा’ असे आले तर घाबरू नका. आतला घड्याळाचा सेल संपलेला असतो. ‘सीआर २०३२’ मागितला की घड्याळवाल्याकडेही मिळतो.

५. नुसतेच बीप-बीप होऊन पडदा काळा राहिला, तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते. दुरुस्तीवाले ती काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतात आणि पुन्हा घट्ट बसवतात. वीज पूर्ण काढून हे घरीही जमते, पण सवय नसेल तर माहीतगाराकडूनच करून घ्या.

६. हार्ड डिस्कमधून ‘टक... टक... टक’ असा आवाज येऊ लागला तर तत्काळ बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याच्या नादात उरलेसुरले जाते.

एक मात्र कधीही करू नका. जुना, पाठीला पोट असलेला मॉनिटर आणि वीजपुरवठ्याची पेटी घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांच्यात धक्का बसण्याइतकी वीज साठून राहिलेली असते.

डबा अजिबात सुरू झाला नाही, म्हणून सगळे संपले असेही नाही. डबा म्हणजे शरीर. फोटो असतात ते हार्ड डिस्कमध्ये. ती काढून, एका जोडणीच्या वायरीने नव्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी लावता येते. ही वायर घेताना दुकानदाराला डिस्क दाखवा, कारण जुन्या डिस्कची जोडणी रुंद पट्ट्याची असते आणि २००५ नंतरच्या बऱ्याच डिस्कची अरुंद. मेमरी कार्डापेक्षा ही पेटी बरी, कारण ती पुष्कळदा पंधरा-वीस वर्षांनीही फिरते.

सीड्या उतरवून घेताना

लॅपटॉपला बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. एकटीने घेण्याचीही गरज नाही. भिशीच्या मैत्रिणींनी किंवा इमारतीतल्या महिला मंडळाने मिळून एक घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा. पाटा-वरवंटा नाही का पूर्वी चाळीत एकच असायचा!

सीडी पुसायची ती जुन्या मलमलच्या फडक्याने, आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. ताट पुसावे तशी गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा माहितीच्या रेषेतच जातो आणि मग ती वाचता येत नाही. चिकट असेल तर पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, रॉकेल ह्यांना तिच्या जवळपासही आणू नका.

आता एक फसगत टाळा. लग्नाच्या व्हिडिओ सीडीत ‘डॅट’ नावाच्या मोठ्या फायली असतात. त्या सरळ लॅपटॉपवर उतरवल्या की ‘व्हीएलसी’ ह्या मोफत मिळणाऱ्या प्लेअरवर चालतात. डीव्हीडी असेल तर तिच्यातले ‘व्हिडिओ टीएस’ हे अख्खे फोल्डर उचला, त्यातली एखाददुसरी फाइल नव्हे. परंतु गाण्यांच्या सीडीचे तसे नाही. आजोबांनी म्हटलेली भजने कॅसेटवरून सीडीवर घेतली असतील, तर उघडल्यावर त्यात एकेक केबीच्या चिमुकल्या फायली दिसतील. त्या उतरवून घेऊन ‘झालं काम’ म्हणून सीडी फेकलीत, तर हाती काहीच उरणार नाही! त्या फायली म्हणजे नुसत्या पाट्या असतात, आवाज नव्हे. अशा सीडीसाठी मीडिया प्लेअरमधली ‘रिप’ ही सोय वापरायची. कुठलीही सीडी असो, उतरवल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट लावून पाहिल्याशिवाय ती बाजूला ठेवू नका.

एका यंत्रात सीडी वाचली गेली नाही, तर दुसऱ्यात लावून पाहा. प्रत्येक यंत्राची नजर थोडी वेगळी असते. इथेच जुन्या डब्यातला रायटर कामाला येतो, कारण पुष्कळदा जिथे सीडी लिहिली गेली तिथेच ती मुकाट्याने वाचली जाते.

दवाखान्यांतून मिळालेल्या एमआरआय, सीटी स्कॅनच्या सीड्याही ह्याच वेळी पाहून घ्या. त्यांतले सगळेच्या सगळे जसेच्या तसे उतरवून ठेवा, कारण चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम पुष्कळदा सीडीतच असतो. सासऱ्यांच्या मणक्याचे जुने स्कॅन डॉक्टरांनी मागितले आणि ते हाती असले, तर आजाराची तुलना करता येते.

मराठी फायलींची गोष्ट निराळी

ज्या जणींनी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर काम केले, त्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. त्या काळी प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. त्यामुळे जुनी फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की ‘कृष्णाकाठचे दिवस’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडली असे वाटून पुष्कळ जणी ती पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते, तिला तिचा फाँट मिळालेला नसतो, एवढेच.

वडिलांचे आत्मचरित्र, आईच्या पाककृती, कुळाची वंशावळ असे काही टाइप करून ठेवले असेल, तर जुना कॉम्प्युटर चालू असेपर्यंत दोन कामे करा. पहिले, ते छापून काढा. कागद उघडायला कुठलाही प्रोग्रॅम लागत नाही. दुसरे, फाँटची फाइलसुद्धा मजकुरासोबत उतरवून घ्या. मग तो मजकूर आजच्या युनिकोडमध्ये पालटणारी परिवर्तके मिळतात. पालटल्यावर मात्र जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला. ‘कार्य’चे ‘काय’ होऊन बसते!

ठेवायचे कुठे?

पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, पण तो वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या आणि तिची दुसरी प्रत करा. गूगलवर ठेवायचे तर १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट सोय बंद झाली आहे. फुकट मिळते ती सगळी मिळून १५ जीबी, आणि एका लग्नाच्या चित्रणानेच त्यातली तीन-चार भरते.

दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवू नका. आग, पाणी, चोरी दोन्हींना एकदमच गाठेल. ती माहेरी ठेवा, किंवा लेकीच्या सासरी ठेवा. दरवर्षी भाऊबीजेला किंवा राखीपौर्णिमेला गेलात की ती एकदा लावून पाहायची, असा नेम ठेवला तर विसरही पडत नाही.

सीड्या मूळ म्हणून ठेवायच्या असतील तर पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. रबरबँड लावू नका, तो वितळून चिकटतो. डांबरगोळ्या नकोत. नव्या पर्सबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. नाव लिहायचे ते मऊ टोकाच्या मार्करने, मधल्या पारदर्शक गोलावर. आणि कबुतरे उडवायला बाल्कनीत सीड्या टांगायच्या आधी किंवा गणपतीच्या मखराला चिकटवायच्या आधी, त्या कशाच्या आहेत ते एकदा लावून बघा. धाकट्याचं बारसं वाऱ्यावर गिरक्या घेतंय असं व्हायला नको!

ठेवावा की द्यावा?

सगळे उतरवून झाले की मग हा प्रश्न. चालू असेल आणि जागा असेल, तर जुना कॉम्प्युटर निरुपयोगी नाही. श्रीलिपीचे काम, जुना प्रिंटर, सासूबाईंना डीव्हीडी प्लेअरवर पाहण्यासाठी एखादी चकती लिहून देणे, ही कामे तो करतो. चकती लिहिताना सर्वांत वेगवान आकडा न निवडता मधला निवडा आणि शेवटी ‘व्हेरिफाय’ला होकार द्या. एकदा लिहून बंद केलेल्या चकतीतून नातवंडांना चुकूनही काही पुसता येत नाही, हा तिचा गुण आजही आहे.

पण त्याला इंटरनेट जोडू नका आणि त्यावरून बँकेचे व्यवहार तर मुळीच करू नका. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे धडधाकट कॉम्प्युटरही आता भंगारात निघू लागले आहेत. दहा-बारा वर्षांच्या आतला असेल तर टाकण्यापूर्वी त्यावर लिनक्स घालता येते का, ते विचारा. ते फुकट असते, मराठीही लिहिता येते, आणि शाळकरी मुलाच्या अभ्यासाला ते पुरते.

द्यायचाच ठरला तर हार्ड डिस्क काढून घ्या. फायली डिलीट केल्या किंवा फॉरमॅट केले म्हणजे पुसल्या गेल्या असे होत नाही. जाणकार त्या परत काढतो. तुमचे बँकेचे कागद, घरातले खाजगी फोटो कुणाच्या हाती जावेत? डिस्क जाड फडक्यात गुंडाळून तिला भोक पाडून घ्या. फडके महत्त्वाचे, कारण काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात.

उरलेला डबा दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. मॉनिटरच्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की त्याचा विषारी धूर आपल्याच गावात पसरतो. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात विचारा, किंवा सोसायटीने मिळून एकदाच गोळा करून द्या. पैसे थोडे कमी मिळतील, पण जबाबदारी नीट पार पडेल.

शेवटी एक काम, यंत्राशिवायचे

हे सगळे मुलगा किंवा जावई करून देईल. पण एक काम त्यांना जमणार नाही. लग्नाच्या त्या चित्रणात मांडवात बसलेल्या, हळदी-कुंकू लावणाऱ्या, अक्षता टाकणाऱ्या पन्नास बायका दिसतात. त्या कोण, हे घरात एक-दोघींनाच सांगता येते. बहुधा त्या ऐंशीच्या पुढे आहेत. एका दुपारी सासूबाईंना, आत्याबाईंना शेजारी बसवा, चित्रण थांबवत थांबवत विचारा आणि वहीत लिहून काढा. ‘ही निळ्या नऊवारीतली कोण हो?’ ‘ती होय? ती माझी मावससासू, पेणची. तिनंच माझ्या बाळंतपणात...’ आणि मग गोष्ट सुरू होते.

जमल्यास ती गोष्ट मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. वहीवर तारीख घाला. त्या वहीचे फोटो काढून तेही डिस्कमध्ये टाका, आणि वही माहेरच्या प्रतीबरोबर पाठवू नका, ती घरातच राहू द्या. कामाला सुरुवात येत्या रविवारी करा. आधी आत्याबाई, मग कॉम्प्युटर.